चव्वेचाळीस किलोचा लोड

हुस्नाबीनं एक हात लोडाच्या मानेखाली घातला, दुसरा कमरेखाली, आणि ‘बिस्मिल्ला’ म्हणून त्याला डाव्या कुशीवर वळवलं. लोडाला मान नव्हती आणि कमरही नव्हती. साडेचार फुटांची जाड खोळ, आत ठासून भरलेली सरकी, वरून रुईचा थर, दोन्ही तोंडं दाभणानं शिवलेली. तरी तिनं त्याला वळवलं ते जपून, दुखणार नाही अशा बेतानं. मग तो एका हातानं तसाच तोलून धरत दुसऱ्या हातानं ती त्याच्या पाठीवर रिकाम्या तांब्यातून पाणी ओतू लागली. तिसऱ्या तांब्याला तिचा उजवा गुडघा आतून निसटला. ती फरशीवर बसली ती बसलीच, आणि लोड कलंडून तिच्या मांडीवर आला.

पुढच्या दुकानात तिचा नवरा रहमत गादीला टाके घालत होता. दिग्रसच्या त्या गल्लीत चाळीस वर्षांपासून त्याचं गादीचं दुकान होतं, आणि ही मागची खोली रुई, सरकी आणि खोळींच्या थप्प्या ठेवायची.

“आयकता काय,” हुस्नाबीनं आवाज दिला. “जरा इकडं या.”

रहमत दाभण शर्टाच्या कॉलरला खोचून आला. आधी त्यानं लोड बाजूला केला, मग बायकोला काखेत धरून उठवलं.

“लागलं काय?”

“नाई.”

“चाय ठेवू?”

“ठेवा.”

एवढंच बोलणं झालं. चार दिवसांपूर्वी हा लोड मागतानाही बोलणं एवढंच झालं होतं. चव्वेचाळीस किलोचा पाहिजे, माणसाएवढा लांब, असं हुस्नाबी म्हणाली. निव्वळ रुईचा केला तर हत्ती होईल, आत सरकी भरतो, असं रहमत म्हणाला. संध्याकाळपर्यंत त्यानं लोड शिवून दिला. गिऱ्हाइकाला ‘कशाला पाहिजे’ असं त्यानं जन्मात विचारलं नव्हतं, मग बायकोलाच का विचारावं? शिवाय त्याला विचारायची गरज नव्हती. चव्वेचाळीस हा आकडा चार घरं सोडून राहणाऱ्या जैतूनबीच्या दवाखान्याच्या कागदावर लिहिलेला होता, आणि तो कागद त्यानंच हातात धरून तिला यवतमाळला नेलं होतं.

गल्लीत एखादी बाई वारली की पहिलं बोलावणं हुस्नाबीला यायचं. मय्यतीला गुस्ल द्यायचं, म्हणजे शेवटची आंघोळ घालायची, हे काम ती बावीस वर्षं करत होती. या कामाचं कोणी काही देत नाही आणि कोणी काही घेत नाही. अंगणाच्या कोपऱ्यात चार विटांवर लाकडी तख्ता ठेवायचा, चादरीचा आडोसा करायचा, बोरीची पानं टाकून पाणी ऊन करायचं. तख्ता बुटका, म्हणून उकिडवं बसावं लागतं. वाकावं लागतं, वळवावं लागतं, उठून पुन्हा दुसऱ्या बाजूला जाऊन बसावं लागतं. अंगावरची चादर हलू न देता हे सगळं करायचं. हुस्नाबीचा हात त्यात बसलेला होता. तिच्या हातून कधी कोणाची चादर सरकली नव्हती.

मागच्या महिन्यात मात्र पेंटरच्या आईच्या गुस्लाला ती बसली आणि तिला उठताच येईना. एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला. शेवटी मय्यत तख्त्यावर तशीच ठेवून चौघीजणींनी जिवंत बाईला उचललं. त्यातली एक तरणी मुलगी तोंडावर ओढणी धरून हसली. तिचं हसू काही वाईट नव्हतं, प्रसंगच तसा होता. पण हुस्नाबीच्या कानात ते राहिलं. त्यानंतर गल्लीत दोन मय्यती झाल्या. दोन्ही वेळा निरोप आला तो असा की, खाला, तुम्ही आराम करा, आमच्या आम्ही पाहून घेतो.

ती आरामही करती. एकोणसाठ वर्षांची बाई, अंगात साखर, गुडघ्यांचा आवाज शेजारच्या खोलीत जाणारा. तिला कोणी नावं ठेवली नसती. पण जैतूनबी होती.

सात वर्षांपूर्वी नागपूरला जैतूनबीचा डावा स्तन काढला. तेव्हा तिच्याजवळ पंधरा दिवस हुस्नाबी राहिली होती. घरी आल्यावर जैतूनबीनं ती बाजू कोणालाच दिसू दिली नाही. पोटच्या लेकीला नाही, सून जेबाला नाही. नागपूरलाच, पट्टी सोडून पहिल्यांदा पाणी लावलं त्या दिवशी, ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली होती,

“हे तू पाह्यलं. आखरीलेही तूच पाहजो. दुसऱ्या कोनाचा हात नको मले.”

हुस्नाबी ‘हाव’ म्हणाली होती. अशा वेळी माणूस दुसरं काय म्हणणार? पण म्हटलं ते म्हटलं.

मागच्या वर्षी जैतूनबी न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळला ऑपरेशन झालं, हाड जुळलं, चालायला लागा असं डॉक्टरांनी सांगितलं. जैतूनबीनं ऐकून घेतलं आणि ती खाटेवर पडून राहिली. खाटेपासून बाजूच्या कमोडच्या खुर्चीपर्यंत, जेबाच्या खांद्याला धरून, एवढाच तिचा प्रवास. तिनं मनाशी हिशेब लावून टाकला होता की त्रेसष्ट वर्षं पुष्कळ झाली. मुलगा मुजफ्फर गॅरेज नीट चालवतो, सून चांगली आहे, आता मोकळं व्हावं. दर शुक्रवारी हुस्नाबी येऊन तिला आंघोळ घाली. बाकीचे दिवस ती स्वतःच ओल्या पंचानं अंग पुसून घेई, जेबाला बाहेर काढून.

पेंटरच्या आईची गोष्ट तिला दुसऱ्याच दिवशी कळली होती, पण तिनं ती काढली ती आता, त्या दोन मय्यतींनंतर.

“उठता आलं नाई म्हन्ते तुले?”

“कोनं सांगतलं?”

“गल्लीत सांगाले कोन लागते वो?” मग ती म्हणाली, “मंग माह्यं काय?”

घरात हिंदी आणि गल्लीत वऱ्हाडी अशी त्या दोघींची मिळून एक तिसरीच भाषा झाली होती. त्या भाषेत कशालाही उत्तर असे. या वेळी हुस्नाबी नुसती उठली. तिनं घरी जाऊन लोड मागितला.

लोड मांडीवर पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. आंघोळ घालून झाल्यावर हुस्नाबी उशीचा अभ्रा बदलायला गेली, तर उशीखालून घडी घातलेला कागद निघाला. त्यावर बाईची चित्रं होती. बाई झोपून गुडघा खाली दाबते, बाई पाय सरळ उचलून धरते, बाई खुर्चीवरून हात न टेकता उठते.

“हे काय हाय, आपा?”

“त्या यवतमाळच्या दवाखान्यातल्या वर्षा मॅडमनं देल्लं. कसरत.”

“केली काय?”

“मी काय पहिलवान हाय?”

हुस्नाबी कागद खिडकीपाशी घेऊन गेली. तिला वाचता येत नव्हतं, पण खुर्चीवरून उठणारी बाई तिनं बराच वेळ न्याहाळली. त्या बाईचे दोन्ही हात छातीवर होते.

“वाच बरं काय लिव्हलं हाय ते.”

“कायले?”

“मी करते.”

जैतूनबी सातवीपर्यंत शिकलेली. तिनं चष्मा लावला आणि वाचलं. खुर्चीवर बसा. पाय सरळ करा. दहा मोजेपर्यंत धरा. सावकाश खाली आणा. दहा वेळा करा. हुस्नाबीनं जेबाकडून खुर्ची मागून घेतली, सलवार घोट्याच्या वर ओढली आणि पाय सरळ केला. मांडी थरथरू लागली. जैतूनबी पडल्या पडल्या मोजत होती.

“सहावर खाली आला. पुन्ना एकपासून.”

“दहा झाले.”

“सहा झाले. मले शिकवू नको. एक.”

हे असं सुरू झालं. सकाळची नमाज झाली, रहमतला चहा दिला की हुस्नाबी चार घरं ओलांडून यायची आणि जैतूनबी मोजायची. मोजण्याच्या बाबतीत ती अगदी कडक होती. वर्षभर तिच्या हातात कोणाचं काही उरलं नव्हतं, आता एक अख्खी बाई आली. ती सोडते कशाला? खुर्चीवरून उठताना हुस्नाबीनं नुसती बोटं टेकवली तरी ती पुन्हा बसायला लावी. जेबा दारातून पाहायची आणि चहाचे कप ठेवून परत जायची. सासू बोलते आहे, रागावते आहे, एवढं तिला पुरे होतं.

पहिले पंधरा दिवस हुस्नाबीच्या मांड्या इतक्या दुखल्या की संडासात बसायची पंचाईत. तिनं जैतूनबीला शिव्या घातल्या, वर्षा मॅडमला घातल्या, चित्रातल्या बाईलाही घातल्या. पण एकही दिवस चुकवला नाही. नंतर एका सकाळी ती सजद्यातून उठली, नमाज पुरी केली, दुवेला हात उचलले आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपण उठताना खाटेचा खूर धरलाच नाही. त्या दिवशी दुवा काय मागायची तेच ती विसरली.

मग ती चालायलाही लागली. बस स्टँडपर्यंत जायचं आणि मागच्या रस्त्यानं, सरकी काढणाऱ्या जिनिंगपुढं कापसाच्या गाड्यांची रांग लागते तिथून, परत यायचं. आधी वाटेत दोनदा बसावं लागे. मग एकदा, मग नाही. पडल्याबरोबर झोप येऊ लागली. डॉक्टरनं रक्त तपासून साखरेची एक गोळी अर्धी केली आणि ‘काय करता?’ असं विचारलं. ‘काही नाई, खुर्चीवर बसते,’ असं तिनं सांगितलं. रहमतला यातलं काहीच कळलं नाही असं नाही. त्याला घर शांत वाटू लागलं होतं. बायको उठताना ‘या अल्ला’ म्हणायची थांबली होती, आणि दिवसातून चाळीस वेळा ऐकलेली गोष्ट बंद झाली की कानाला कळतंच.

लोड जानेवारीत गुडघा न निसटता डाव्या कुशीवर वळला. महिनाअखेर उजव्या. मग दोन्हीकडे, दहा-दहा वेळा, मध्ये न थांबता.

रमजानला आठवडा उरला असताना गल्लीत टेलरची सासू वारली. नेहमीच्या बायकांपैकी दोघी लग्नाला पुसदला गेलेल्या, म्हणून अडचणीनं का होईना निरोप हुस्नाबीला आला. ती गेली. विटांपाशी उकिडवी बसली, उठली, तख्त्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूला बसली, पुन्हा उठली. कोणाचा हात लागला नाही. कोणाच्या लक्षातही काही आलं नाही, आणि तिला हवं होतं ते एवढंच. चादर जराही सरकली नाही.

घरी जाऊन आंघोळ करून ती थेट जैतूनबीकडे आली. ओल्या केसांनीच. एवढी खूश ती ईदेलाही नसायची.

“बसली?” जैतूनबीनं विचारलं.

“बसली.”

“उठली?”

“दोन डाव.”

“हात कोनाचा घेतला?”

“कोनाचाच नाई.”

जैतूनबीनं डोळे मिटले. मग उशीखालून तो कागद काढला, त्याची नीट चौकोनी घडी केली आणि हुस्नाबीच्या हातात दिला.

“मंग झालं,” ती म्हणाली. “आता मी मोकळी.”

हुस्नाबीला आधी ते कळलंच नाही. जैतूनबीचा आवाज इतका हलका होता की ती आपल्याला शाबासकी देते आहे असंच तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी ती गेली तर खुर्ची आत नेऊन ठेवलेली, आणि जैतूनबी भिंतीकडे तोंड करून पडलेली. जेबा स्वयंपाकघरातून खूण करून तिला आत घेऊन गेली.

“खाला, अम्मी कालपासून गोळ्या घेत नाई. अर्धी भाकर देल्ली तर तशीच वापस केली. म्हन्ते, आता कायले?”

हुस्नाबी ओट्याला टेकून उभी राहिली. तीन महिने आपण काय करत होतो ते तिला आत्ता दिसलं, आणि तिला भीती वाटली. मग भीतीच्या पाठोपाठ राग आला, जैतूनबीचा आणि त्याहून जास्त स्वतःच्या मांड्यांचा. ती बाई एवढे दिवस थांबली होती ती आपल्यासाठी. आपण तयार झालो, आणि तिला वाट मोकळी करून दिली.

ती बाहेर आली. खुर्ची ओढत खाटेपाशी आणली, फरशीवर पाय घासत, मुद्दाम आवाज करत.

“मोकळी कायची होतं वो आपा? झालं कुठं अजून?”

जैतूनबी वळली नाही. “काल तर जमलं म्हने.”

“ते टेलरची सास पोट्टीवानी बारीक. अन् समोरून दोघी जनी होत्या. मले उजव्या कुशीवर वळवनं अजून जमत नाई. हात कापते.”

“किती दिवस लागन?”

“आता ते कसं सांगू? दोन महिने, चार महिने.” आणि मग, खोटं बोलायला एकदा सुरुवात केलीच आहे तर पुरतंच बोलावं म्हणून, ती पुढं म्हणाली, “अन् माह्यं एकटीचं थोडी हाय? तुह्ये पाय पाह्यले काय? साल झालं, लाकडं झाले त्याचे. असं आखडेल अंग वळवताना किती जड जाते, मले विचार.”

आता जैतूनबी वळली.

“मेल्यावर सैल काय अन् कडक काय?”

“तू धुतल्या काय मय्यती? बावीस वर्सं झाले मले. जे मानूस जिवंतपनी हलते ना, त्याचं अंग हाताले आयकते. पडून राह्यलेल्याचं नाई आयकत. मंग कोना तरी दुसरीले हात लावाले बोलवा लागन. मी एकटी काय करू?”

हे साफ खोटं होतं. मेलेलं अंग कोणाचंच ऐकत नाही; चाललेल्याचं नाही आणि पडून राहिलेल्याचंही नाही. हे तिच्याइतकं गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच तिच्याशी वाद घालायची सोय नव्हती. जैतूनबी छताकडे पाहत राहिली. तिचा डावा हात ओढणीखाली सपाट बाजूवर गेला आणि तिथंच राहिला.

“मंग काय करू?”

“पहिलं चित्र झोपूनच करायचं हाय. गुडघा खाटेवर दाब. मी मोजते.”

“तुले मोजता येते काय दहापर्यंत?”

“दाब तं.”

आता मोजणारी बदलली. म्हणजे दोघी एकमेकींचं मोजू लागल्या. रमजान आला. हुस्नाबी रोजे धरायची, तरी इफ्तारच्या आधी येऊन दहा-दहाचे तीन फेरे करून जायची. जैतूनबीला औषधं असल्यानं रोजे नव्हते. ती दुपारी एकटीच गुडघा दाबत पडलेली असे, हे जेबानं पाहिलं आणि कोणाला सांगितलं नाही. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. अर्ध्या भाकरीची एक झाली. दर शुक्रवारी आंघोळ झाल्यावर जैतूनबी विचारायची,

“उजवी कूस?”

“नाई अजून,” हुस्नाबी म्हणायची, आणि पंचा पिळायला वळायची.

ईदेला जैतूनबी अंगणात खुर्चीवर येऊन बसली आणि शीरखुर्म्याच्या दोन वाट्या खाल्ल्या. ईदेनंतर कोपऱ्यातला वॉकर निघाला. वर्षभर त्यावर जेबाच्या ओढण्या वाळत होत्या. आधी खाटेपासून दारापर्यंत, मग अंगणातल्या लिंबापर्यंत. मे महिन्यात एकदा सकाळी सातला गल्लीतल्या लोकांनी पाहिलं, तर जैतूनबी वॉकर पुढं टाकत, मागे जेबाला ‘हात नको लावू’ म्हणून दटावत, रहमतच्या दुकानाकडे निघालेली. चार घरांना तिला पाव तास लागला. पेंटर ब्रश हातात घेऊन उभा राहिला, ती दुकानाच्या पायरीवर चढेपर्यंत.

“बसा, भाभी,” रहमत म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

दुकानात खुर्ची नव्हती. दाराशी तीन भरलेली पोती होती, त्यातल्या एकावर जैतूनबी बसली. जेबा घरी गेली. मागच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि आत हुस्नाबी लोडापाशी उकिडवी बसलेली होती. दोघींची नजरानजर झाली.

“हे काय वो?”

“लोड.”

“ते दिसते मले. कोनाचा?”

जैतूनबी वॉकर धरून उठली, आत गेली आणि वाकून लोडाला अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग एक हात त्याच्या मानेच्या जागी खाली घालून उचलून पाहिलं. तेवढ्यानं तिला कळलं.

“किती किलोचा हाय, रहमतभाई?”

मालाबद्दल विचारलं की रहमत खरं सांगायचा. “चव्वेचाळीस.”

“खोटा हाय मंग. मी आता सत्तेचाळीस भरते.” ती सावकाश सरळ झाली. “अन् उजव्या कुशीवर वळते काय हा, हिच्यानं?”

हुस्नाबीनं नवऱ्याकडे पाहून मान हलवली, हातानं नको नको केलं. पण रहमतची नजर टाक्यावर होती.

“कव्हाचा वळते. रमजानच्या पहिलेपासून दोन्हीकून फिरवून राह्यली. दहा-दहा डाव.”

जैतूनबीनं हुस्नाबीकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. हुस्नाबी लोडावरची नसलेली धूळ झटकत होती.

“चाय घेतं काय, आपा?” ती लोडाकडे बघूनच म्हणाली.

“ठेव.”

तिघांनी चहा घेतला. जैतूनबी पुन्हा पोत्यावर येऊन बसली होती. तिनं बशी पुसल्यासारखी साफ केली, कप त्यावर ठेवला.

“रहमतभाई, मलेही एक लोड पाह्यजे.”

“खाटेले? पाठीमागं ठेवाले?”

“नाई. असाच. तुमच्या बाईच्या वजनाचा.” रहमत तिच्याकडे पाहू लागला तशी ती म्हणाली, “माह्यं हे करन. हिचं कोन करन? त्या दात काढनाऱ्या पोट्ट्या? मी आता हलून राह्यली. दिवाळीपर्यंत उकिडवी बसते का नाई पाहा.”

हुस्नाबीला हसू आलं. तिला हे फारच पटलं. रुई तोलायच्या काट्यापाशी तिनं चपला काढल्या आणि ती वर चढून सरळ उभी राहिली, शाळेत तपासायला उभं करतात तशी.

“पाहा हो, किती भरते.”

रहमतनं गादी बाजूला सारली आणि तो उठला. काट्यावरचा आकडा त्यानं पाहिला, जरा वाकून पुन्हा पाहिला.

“बासष्ट.”

“अडुसष्ट होती मी! सहा किलो उतरली, आपा, सहा किलो! पाह्यलं काय?”

रहमत आपल्या जागेवर येऊन बसला. दाभणातला दोरा निघालेला होता. त्यानं तो ओवायला घेतला. दोरा दोनदा चुकला, तिसऱ्यांदाही चुकला. चाळीस वर्षांत तो हे काम न बघता करत आला होता. त्यानं दोरा आणि दाभण दोन्ही गादीवर ठेवले.

“सरकी नाई,” तो म्हणाला. “जिनिंग बंद झाल्या आता. दिवाळीनंतर पाहू.”

हुस्नाबी काट्यावरून उतरत होती. तिनं दाराकडे बोट केलं. “सरकी तर हे काय—”

जैतूनबीचा तळवा पोत्यावर होता. गोणपाटाखाली सरकीचे दाणे तिच्या हाताला टोचत होते. बाजूच्या दोन्ही पोत्यांतही तेच होतं. तिनं रहमतकडे पाहिलं. तो मान खाली घालून गादीवरची सुरकुती हातानं सारखी करत होता.

“दिवाळीनंतरच पाहू,” जैतूनबी म्हणाली. “घाई काय हाय?”

आणि ओढणी दोन्ही बाजूंनी पसरून ती पोत्यावर नीट सरकून बसली.